ताराबाई मोडक : छडी आणि बक्षिसापलीकडे

बक्षिसाने वर्तन दृढ होते व शिक्षेने आवरते, हे अध्ययनतत्त्व शाळांनी मानसशास्त्राच्याही आधी छडीच्या रूपाने अंगीकारले होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी दोन्ही वर्ज्य मानली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्या माँटेसरी पद्धतीकडे वळल्या. स्वयंकृतीतील आनंद हीच शिकण्याची प्रेरणा, अशी त्यांची धारणा झाली. ठाणे जिल्ह्यात १९४५ मध्ये बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला तिची कसोटी लागली. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा अनुताई वाघांसह त्यांनी शाळाच कुरणात नेली. पाने, बिया, शिंपले ही साधने झाली. त्यांनी रुजविलेले अंगणवाडी हे नाव १९७५ मध्ये राष्ट्रीय योजनेने स्वीकारले; ते पाहण्यास ताराबाई हयात नव्हत्या.