एमिल फिशर : प्रथिनांचे मणी ओवणारा रसायनशास्त्रज्ञ



विकरं शिकवताना आपण फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढतो. पण ही कल्पना कुणाची, ते सांगायचं बहुतेक राहूनच जातं. ती एमिल फिशर यांची, १८९४ सालची.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीत कोलोनजवळच्या ऑइस्किर्शेन या गावी झाला. वडील व्यापारी. मुलाने लाकडाच्या धंद्यात पडावं अशी त्यांची इच्छा, पण याचं तिथे काही जमेना. शेवटी, याला व्यापाराची अक्कल नाही, तर शिकू दे बापडा, असं म्हणून वडिलांनी नाद सोडला, असं सांगतात. (पालकहो, हे वाक्य आपल्याही घरात ऐकलं असेल!)

पुढे स्ट्रासबर्गला बायर यांच्या हाताखाली १८७४ मध्ये डॉक्टरेट झाली. दुसऱ्याच वर्षी त्यांना फिनाइलहायड्राझीन सापडलं. त्याच्या मदतीने त्यांनी साखरेच्या रेणूंची रचना उलगडली, आणि साखर व प्युरिन यांवरच्या कामासाठी १९०२ चं नोबेल मिळालं. मात्र त्याच द्रव्याची विषबाधा त्यांच्या अंगात भिनली आणि तब्येत कायमची बिघडली.

एवढं झाल्यावर माणूस थांबला असता तर नवल नव्हतं. पण त्यांनी प्रथिनांना हात घातला. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांची माळ, हे नुसतं म्हणून भागणार नव्हतं. मणी ओवून दाखवायला हवे होते. १९०१ मध्ये ग्लायसिनचे दोनच मणी जोडले. १९०७ पर्यंत माळ १८ मण्यांची झाली : १५ ग्लायसिन, ३ ल्युसिन. मग या घरी बनवलेल्या माळा त्यांनी स्वादुपिंडाच्या पाचक विकरांपुढे ठेवल्या. निसर्गातल्या घडणीचे मणी असतील तर विकर माळ तोडतं, आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलट घडणीचे असतील तर तोंडही लावत नाही! मला विचाराल तर नोबेलपेक्षा हा प्रयोग मोठा, कारण विकर काय ओळखतं हे विचारायची रीतच त्यातून मिळाली.

ती रीत आजही चालू आहे बरं का. आपल्या शरीराचे पहारेकरी म्हणजे टी-पेशी. त्यांना जागं करायचं की आवरायचं, याचे निरोप काइनेज नावाची विकरं पोचवतात. कसे? एटीपीमधला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा, बस्स. पण हे काम किती जोरात चाललंय ते मोजायचं कसं? पेशी फोडायच्या, त्यातल्या काइनेजला एक छोटी कृत्रिम पेप्टाइड द्यायची आणि किरणोत्सारी खूण केलेला फॉस्फेट तिच्यावर किती चढला ते मोजायचं. १९७० च्या दशकात अशीच एक पेप्टाइड तयार झाली, केम्पटाइड. मणी फक्त सात. त्यातल्या सेरिनवर फॉस्फेट बसतो. सेरिन काढून अलानिन घातलं की बसायला जागाच उरत नाही. जवळचे दोन आर्जिनिन बदलले तर काइनेज तिला नीट ओळखत नाही. टी-पेशींचा जोर आवरणाऱ्या एका काइनेजचं मोजमाप याच सात मण्यांवर करता येतं. म्हणजे तेच कुलूप, तीच किल्ली!

फिशर यांचं घर मात्र फार सुखाचं नव्हतं. पत्नी अ‍ॅग्नेस लग्नानंतर सातच वर्षांत, १८९५ मध्ये गेल्या. तीन मुलगे, त्यातले दोन पहिल्या महायुद्धाच्या काळात गेले. स्वतःला कर्करोग झाला. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. उरलेला मुलगा हर्मान रसायनशास्त्रज्ञच झाला आणि पुढे अमेरिकेत बर्कलीला गेला. वडिलांचे कागदपत्र आज तिथल्याच बॅनक्रॉफ्ट ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत.