पंडिता रमाबाईंचें शेवटचें अध्ययन

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं पत्नीस संस्कृत शिकवून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. त्याच लक्ष्मीबाईंनीं पुढें पहांटे उठून कन्येस पाठ दिले. दुष्काळांत आईबाप गेले. भावासह भटकत रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या, तेव्हां तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या.

ही कीर्ति मातापित्यांनीं दिलेल्या विद्येची होती. स्वतः आंखलेला पहिला मोठा बेत मात्र फसला. वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या; परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो नाद सोडावा लागला. त्याच वर्षीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें १८८९ त शारदा सदन निघालें. मग दुष्काळांत आपल्या वऱ्हाडास लागून असलेल्या मध्यप्रांतांतून निराधार मुली आणून त्यांनीं पुणें जिल्ह्यांत केडगांवीं मुक्तिसदन उभारिलें. हा भाग बहुतेकांस ठाऊक आहे.

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनीं नवेंच काम हातीं घेतलें. बायबलाचें मराठी भाषांतर होतें. पण त्यांतील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यांतून आलेल्या बायांस उमगत नसत. इंग्रजीवरून पुन्हां भाषांतर करणें सोपें होतें. रमाबाईंस तें रुचलें नाहीं. जुना करार मुळांत बहुतेक हिब्रू भाषेंत, नवा ग्रीकमध्यें. तेव्हां आधीं त्या भाषा शिकावयाच्या, मग मूळ वचन पाहावयाचें, आणि शेवटीं रोजच्या बोलण्यांतील मराठी शोधावयाची, असा मार्ग त्यांनीं धरिला. परीक्षा नव्हती, पदवी मिळावयाची नव्हती. शेंकडों जिवांचें अन्नवस्त्र पाहून उरेल त्या वेळांत अभ्यास करावयाचा! तरी आम्हांस कठीण वाटतें तें निराळेंच. ज्यांस पुराणांतील हजारों श्लोक मुखोद्गत, त्यांनीं ओंठांवर आलेला संस्कृत शब्द मागें सारावयाचा, आणि आपल्या जळगांव जामोदच्या शिवारांत कपाशी वेचणाऱ्या बाईसहि कळेल असा शब्द घ्यावयाचा.

काम सुमारें अठरा वर्षें चाललें. छापखाना केडगांवींच होता. खिळे जुळविण्यापासूनचीं कामें तेथील मुलीबायका करीत. जुलै १९२१ मध्यें एकुलती कन्या मनोरमा वारली; संस्थेचा भार तिच्यावरच सोंपवावयाचा होता. रमाबाईंची प्रकृतिहि ढांसळली होती. मुद्रितें तपासणें मात्र थांबलें नाहीं. तें शेवटास गेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं छापून बाहेर पडला.