वेबरचा अखेरचा प्रवास

जर्मन संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर याचा जन्म १७८६ सालीं झाला. १८२१ सालीं बर्लिन येथें झालेल्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या संगीत नाटकानें त्याची कीर्ति युरोपभर पसरली. परंतु क्षयरोग त्याचें शरीर पोखरीत होता. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाकडून नव्या नाटकासाठीं बोलावणें आलें, तेव्हां वैद्यांनीं विश्रांतीचा सल्ला दिला. पण आपल्या पश्चात् पत्नी कॅरोलीन व दोन मुलें उघडीं पडूं नयेत म्हणून त्यानें तें स्वीकारलें, त्यासाठीं इंग्रजी भाषा शिकून घेतली आणि फेब्रुवारी १८२६ मध्यें ड्रेस्डेनचें घर सोडलें.

१२ एप्रिल रोजीं ‘ओबेरॉन’चा पहिला प्रयोग गाजला. शरीर थकलें असतांही वेबरनें पहिले बारा प्रयोग स्वतः चालविले. जीव मात्र घराकडे लागलेला. मनांतील ओढ तो पत्नीस पत्रांतून कळवी. परतीचा दिवस ठरला. पण त्यापूर्वींच, ५ जून रोजीं सकाळीं, तो अंथरुणांत मृत आढळला. वय अवघें ३९ वर्षें.

१८४४ सालीं त्याची शवपेटी ड्रेस्डेनला आणण्यांत आली. कॅरोलीन तेव्हां हयात होती.

आपल्यासाठीं झिजणारें कोणीतरी प्रत्येक घरांत असतें. विद्यार्थ्यांनीं त्याची जाणीव वेळींच ठेवावी.