वस्तीला गाते करणारे वामनदादा



धम्मदीक्षा घेतली की घरातले जुने देव जातात, नवस-सायास सुटतात. पण एक गोष्ट लवकर सुटत नाही, ती म्हणजे गाणे. जात्यावर, बारशाला, हळदीला, मयताच्या रात्री ओठांवर येते ते पिढ्यान्‌पिढ्यांचेच गाणे, आणि त्यात जुनेच देव आणि जुनेच नशीब. ते ठेवावे तर टाकलेले सारे मागच्या दाराने परत येते. टाकावे तर घर मुके होते. 14 ऑक्टोबर 1956 नंतर लाखो घरांपुढे हा पेच होता. तो ज्यांनी सोडविला त्यांत लोककवी वामनदादा कर्डक यांचे नाव अग्रभागी आहे.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यातला. आपण देवळाली प्रवरेहून कोल्हार, शिर्डी करीत सिन्नरकडे निघालात तर त्याच मुलखात पोहोचता. वडील तबाजी, आई सईबाई. घरी दारिद्र्य, त्यामुळे शाळा नशिबी आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत राबले, कोळसा वाहिला, चिक्की विकली.

मुंबईत एकदा कोणी एक जण पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडे आला. तरुण वामनला अक्षर ओळखता येईना. ही लाज त्यांच्या इतकी जिव्हारी लागली की ते रडले. पण रडून थांबले नाहीत. समता सैनिक दलाच्या चळवळीत भेटलेल्या देहलवी मास्तरांकडून ते बाराखडी शिकले. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, त्याची गाणी पुढे सारा महाराष्ट्र गाऊ लागला. आपल्या घरात कोणी वडीलधारे अजून अंगठा उठवीत असतील, तर त्यांना ही हकिकत जरूर सांगा.

3 मे 1943 रोजी त्यांनी पहिले गाणे रचले. त्याच काळात मुंबईत त्यांना बाबासाहेबांचे दर्शन घडले आणि गाण्याला वाट सापडली. ही वाट अगदीच नवी नव्हती. सत्यशोधक जलशांनी ती पाडली होती, आणि नाशिक जिल्ह्यातच भीमराव कर्डक यांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला होता. तमाशाचा साज ठेवून आतला आशय बदलायचा, ही जलशाची रीत. वामनदादांनी ती रीत गायन पार्टीत आणली.

गायन पार्टी म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. एक पेटी, एक ढोलकी, पुढे गाणारा आणि मागे झील धरणारे चार-सहा साथीदार. पुढचा ओळ टाकतो, मागचे ध्रुवपद उचलतात, आणि तिसऱ्या वेळेस समोर बसलेली वस्तीही त्यांच्याबरोबर गाऊ लागते. वामनदादा चाली घेत त्या लोकांच्या कानांत आधीच बसलेल्या, लोकगीतांच्या आणि सिनेमाच्या. शब्द ठेवीत ते बोलीतले. म्हणून ज्यांना वाचता येत नव्हते त्या आयाबायांना बुद्ध, फुले आणि बाबासाहेब तोंडपाठ झाले. पुस्तक नसलेल्या घरात गाण्याने पुस्तकाचे काम केले.

खेडोपाडी ते पायी, एस.टी.ने, रेल्वेने फिरले. कार्यकर्त्यांच्या घरी उतरत, मिळेल ती भाजी-भाकर खात. नवे गाणे झाले की ते गायकांच्या हाती देत. तरुण पोरांना चाल, ठेका, शब्दफेक शिकवीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शिष्यांनी आपापल्या गावी पार्ट्या उभ्या केल्या. संसाराने मात्र त्यांना फार सुख दिले नाही. मुलगी लहानपणीच गेली. हे दुःख घेऊनही ते फिरत आणि गात राहिले.

'वाटचाल' (1973), 'मोहळ' (1976) आणि 'हे गीत वामनाचे' (1977) हे त्यांचे गीतसंग्रह. 1993 साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. शाळेबाहेर राहिलेल्या माणसाचा हा सन्मान होता. 15 मे 2004 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी हजारो गाणी रचली. पण कितीतरी अजून जुन्या गायकांच्या वह्यांत आणि कंठांतच आहेत.

वाचकहो, येथेच आपले काम सुरू होते. आज गाणे मोबाईलमध्ये आयते मिळते आणि जयंतीला भाड्याचे कर्णे लावता येतात. पण कर्णा वाजतो तेव्हा वस्ती गप्प बसलेली असते. वामनदादांची सारी धडपड होती ती वस्तीने स्वतः गावे म्हणून. तेव्हा देवळाली प्रवरा असो की आपले दुसरे कोणते गाव, पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर अर्धा तास गाण्याला द्या. मुलींना व सुनांना पुढे बसवा, त्यांना केवळ टाळ्या वाजवायला ठेवू नका. गावात जुना गायक हयात असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याची वही उतरवून घ्या, गाण्याखाली रचणाऱ्याचे नाव लिहा. एक म्हातारा गायक गेला की शंभर गाणी जातात.

घरात बारसे असेल, लग्न असेल, कोणी गेले असेल, तेव्हा आपल्या तोंडी आपले गाणे असले पाहिजे. ज्या घराला स्वतःचे गाणे आहे, त्या घराला जुन्या दाराकडे वळून पाहण्याची गरज उरत नाही.