थेंबातील सृष्टी पाहणारा लेव्हेनहूक

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे एक टुमदार शहर आहे. शहरातून संथ पाण्याचे कालवे वाहतात. या शहरात १६३२ साली टोपल्या विणणाऱ्या एका कारागिराच्या घरी अँटनी लेव्हेनहूक याचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. सोळाव्या वर्षी तो अॅम्स्टरडॅम येथे एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागला आणि १६५४ साली गावी परतून त्याने स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. त्या काळी विद्वानांचे बहुतेक ग्रंथ लॅटिन भाषेत लिहिले जात. लेव्हेनहूकला डच भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पुढे नगरसभेत त्याला एक लहानशी नोकरी मिळाली आणि पोटापाण्याची चिंता मिटली.

कापडाचे सूत पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत असत. लेव्हेनहूकला या भिंगांचाच छंद जडला. स्वतः काच घासून तो वाटाण्याहूनही लहान भिंगे तयार करू लागला. असे एक भिंग पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये बसवावयाचे, त्याच्यासमोर एक सुई आणि ती पुढेमागे सरकविण्यासाठी मळसूत्र; झाला त्याचा सूक्ष्मदर्शक! सारे यंत्र तळहातावर सहज मावत असे. ते डोळ्याशी अगदी भिडवून, उजेडाकडे तोंड करून पाहावे लागे. आज शिल्लक असलेल्या त्याच्या यंत्रांपैकी सर्वांत शक्तिमान यंत्र वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखविते.

डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर एक सरोवर होते. हिवाळ्यात त्याचे पाणी स्वच्छ असे. पण ऐन उन्हाळ्यात ते पांढुरके होऊन त्यात हिरवे ढग तरंगू लागत. दव पडल्याने असे होते, अशी खेडुतांची समजूत होती. १६७४ साली लेव्हेनहूकने ते पाणी काचेच्या कुपीत भरून घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. त्यात नागमोडी वळणाचे हिरवे तंतू होते आणि त्यांच्यामधून असंख्य इवलेसे जीव झपाट्याने वर, खाली आणि गोल गोल फिरत होते. कित्येक तर चीजमध्ये होणाऱ्या किड्यांच्या हजारपटीने लहान होते.

दोन वर्षांनी मिऱ्यांनी त्याला याहून मोठे आश्चर्य दाखविले. मिरी तिखट का लागते, या शंकेने त्याने काही मिरी पाण्यात भिजत घातली. काही दिवसांनी थेंब पाहतो तो त्यात अतिसूक्ष्म जीवांची दाटी! अशा दहा लक्ष जीवांचा ढीग केला तरी तो वाळूच्या एका जाड कणाएवढा होणार नाही, असा त्याने हिशेब केला. आज आपण ज्यांना जिवाणू म्हणतो, ते त्याने येथे पाहिले होते.

१६७६ साली त्याने हे सारे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. तेथील विद्वानांचा विश्वास बसेना. एका कापडवाल्याच्या शब्दावर एवढी मोठी गोष्ट खरी कशी मानावयाची? लेव्हेनहूक रागावला नाही. त्याने धर्मोपदेशक, नोटरी अशा आठ प्रतिष्ठित गृहस्थांना आपल्या भिंगातून पाहावयास लावले आणि त्यांच्या सह्यांचे दाखले लंडनला पाठविले. तिकडे रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानेही मिरी भिजत घातली. पहिले प्रयत्न फसले. पण १६७७ च्या नोव्हेंबरात त्याला ते जीव स्वच्छ दिसले आणि सभासदांनीही ते पाहिले. १६८० साली सोसायटीने लेव्हेनहूकला आपला सभासद करून घेतले.

तरीही एका बाबतीत तो हट्टी राहिला. आलेल्या पाहुण्यांना तो यंत्रे दाखवी. पण सर्वांत उत्तम भिंगे कशी करतो व ती कशी वापरतो, हे त्याने कोणासही सांगितले नाही. एवढ्या सरळ माणसाला हे शोभले नाही, असेच म्हणावे लागते. कारण त्याच्या मागे पुष्कळ वर्षे हे काम त्याच्याइतके चांगले कोणास साधले नाही.

रशियाचा सम्राट पीटर १६९८ साली नावेतून डेल्फ्टला आला, तेव्हा त्याने लेव्हेनहूकला मुद्दाम बोलावून घेतले. लेव्हेनहूकने काचेच्या नळीत सापासारखा लांबट असा एक लहान जिवंत मासा ठेवून त्याच्या शेपटीतील रक्त कसे वाहते ते दाखविले. अशाच नळीत १७०२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने कालव्याचे पाणी भरून त्यावर तरंगणारी बारीक वनस्पती ठेवली. तिच्या मुळांना घंटेच्या आकाराचे जीव देठांनी चिकटलेले होते. क्षणात ते देठ आखडत व पुन्हा लांब होत. शेजारीच लांब शिंगांचा एक प्राणी होता. त्याच्या अंगातूनच झाडाला फांदी फुटावी तसे पिल्लू फुटले, वाढले आणि आईपासून वेगळे झाले. हा प्राणी म्हणजे आजच्या पुस्तकांतील हायड्रा.

सुमारे पन्नास वर्षे तो रॉयल सोसायटीला पत्रे लिहीत राहिला. १७२३ साली नव्वदाव्या वर्षी त्याचे देहावसान झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे मुलगी मारिया हिने चांदीची २६ यंत्रे एका पेटीत घालून लंडनला पाठविली. एकोणिसाव्या शतकात ती पेटी नाहीशी झाली.

त्याच्या भिंगांचे रहस्य मात्र त्याच्यामागे जवळजवळ तीनशे वर्षे टिकले. २०२१ साली हॉलंडमधील संशोधकांनी त्याचे ते २७० पटींचे यंत्र न उघडता, न्यूट्रॉन किरणांनी आतून तपासले. आतील भिंग घासलेले नव्हते. काचेचा बारीक तंतू ज्योतीत वितळवून त्याच्या टोकाशी बनलेला तो एक गोल मणी होता आणि तंतूचा तुकडा अजून त्याला चिकटलेला होता. ही कृती रॉबर्ट हूकने लेव्हेनहूकच्या हयातीतच छापून प्रसिद्ध केली होती.