प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज आणि ऐकणारा मेंदू

अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज यांचा जन्म १८८१चा. वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. पुढची सारी विद्या कानांवाटे आली. इतरांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, ऐकलेले ध्यानात ठेवायचे आणि आपली रचना तोंडी सांगून लिहवून घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. १९१५ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर होते.

त्या काळी मेंदूत डोकावण्याची सोय नव्हती. आज स्कॅनमध्ये दिसते, की बालपणीच अंधत्व आलेल्यांच्या मेंदूचा मागचा, एरवी पाहण्याचे काम करणारा भाग आवाज आणि भाषा समजण्याच्या कामी लागतो. आवाजाची दिशाही मेंदूच ठरवतो. उजवीकडची हाक उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठी पोहोचते. वेळेतला हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो टिपतो.

म्हणूनच पक्षाघाताने मेंदूला इजा झाली, तर कान शाबूत असूनही हाक कुठून आली ते उमगेनासे होऊ शकते. अशा रुग्णाला बहिरा ठरवू नका. डॉक्टरांना हे लक्षण आवर्जून सांगा.