आगोस्तिनो बास्सी : रेशीमकिड्यांचा अभ्यासक

विद्यार्थी मित्रांनो, लुई पाश्चर यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांच्याही आधी रोगाचे कारण शोधणाऱ्या एका अभ्यासकाचा परिचय आम्ही आज करून देत आहोत.

आगोस्तिनो बास्सी यांचा जन्म १७७३ साली इटलीत, लोदी शहराजवळच्या मैरागो गावी झाला. पदवी कायद्याची घेतली, पण मनाची ओढ विज्ञानाकडे होती. पुढे नोकरी लागली. परंतु दृष्टी अधू होत गेल्याने ती सोडून ते शेतीकडे वळले.

त्या काळी तिकडचे रेशीम उत्पादक हवालदिल झाले होते. किडे मरत आणि मेल्यावर चुना फासल्यासारखे पांढरे व कडक होत. कोणी हवेला दोष देई, कोणी पाल्याला. १८०७ च्या सुमारास बास्सी यांनी अभ्यास सुरू केला. पाला बदलून, उष्णता देऊन रोग निर्माण होतो का, हे त्यांनी कित्येक वर्षे पाहिले. हाती काही लागले नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. अखेर उलगडा झाला : मेलेल्या किड्यावरची पांढरी भुकटी म्हणजे एक बुरशी असून तिच्या स्पर्शाने निरोगी किडा आजारी पडतो. १८३४ साली पाविया विद्यापीठातील विद्वानांसमोर त्यांनी हे दाखविले आणि १८३५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वच्छता ठेवा, भांडी निर्जंतुक करा, रोगी किडे वेगळे काढा, हे उपायही सांगितले. १८५६ साली त्यांचे निधन झाले.

त्या बुरशीला आज बास्सी यांच्याच नावावरून ब्युव्हेरिया बॅसियाना म्हणतात. तिचे बीजाणू किडीच्या त्वचेला चिकटून रुजतात, आत शिरतात आणि काही दिवसांत किडीला मारतात. म्हणून तिचेच जैविक कीटकनाशक तयार होते. तांदळावर बुरशी वाढवून बीजाणू वेगळे करतात आणि शंखजिऱ्याच्या भुकटीत किंवा तेलात मिसळतात. बीजाणू जिवंत राहिले तरच औषधाचा उपयोग. कडक उन्हात ते मरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. रेशीमकिडे पाळतात तिथे मात्र ती मुळीच करू नये.

पालकांना एक विनंती. मुलाचा प्रयोग फसला तर रागावू नका. त्याने काय पाहिले, ते विचारा. बास्सी यांचीही कित्येक वर्षे अशीच गेली होती.